चिपमधून वाहणाऱ्या पेशींचे फोटो: नागपुरात हे काम सुरू करणाऱ्यांसाठी

विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, प्रमाण मोठे. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला रक्तपेशींचे फोटो काढून संगणकाकडून मोजून घ्यावेत, असे लवकर सुचते. कल्पना चांगली आहे आणि तिच्यामागचे गणितही भक्कम आहे. हजारात एक पेशी वेगळी असेल, तर १० हजार पेशींत सुमारे १० सापडतील. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा ७ येईल किंवा १३ही. लाख पेशी पाहिल्या तर सुमारे १०० सापडतात आणि चढउतार १०च्या आसपास राहतो. काचपट्टीवर लाख पेशी कोणी मोजणार नाही. म्हणून पेशी चिपमध्ये कोरलेल्या बारीक नळीतून वाहू द्यायच्या आणि कॅमेरा एका जागी ठेवायचा.

कॅमेऱ्याची किंमत विचारण्याआधी वही घेऊन बसा. समजा, नळी १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि २० मायक्रॉन खोल आहे. मिनिटाला ६ मायक्रोलिटर सोडले तर सरासरी वेग सेकंदाला ५० मिलिमीटर पडतो आणि मध्यभागी तो ७५च्या पुढेमागे जातो. मायक्रोलिटरमागे १,००० पेशी असतील तर सेकंदाला १०० पेशी जातात, म्हणजे लाख पेशींना साधारण १७ मिनिटे. आता कॅमेरा. २०एक्स, म्हणजे २० पट मोठे दाखवणारे, भिंग आणि ५.८६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल, तर चित्रातला एक पिक्सेल म्हणजे ०.२९ मायक्रॉन. पेशी एका पिक्सेलहून जास्त सरकली की कडा पुसट होतात. म्हणून उजेड फक्त ४ मायक्रोसेकंद हवा. साध्या औद्योगिक कॅमेऱ्याचे शटर बहुधा इतके खाली येत नाही. शटर थोडे जास्त उघडे ठेवा आणि ताकदवान एलईडी ४ मायक्रोसेकंदांपुरताच पेटवा. महागडा कॅमेरा घेण्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा.

१,९२० पिक्सेलच्या चौकटीत ५६० मायक्रॉन लांबी मावते. मधली पेशी ती साडेसात मिलिसेकंदांत ओलांडते, म्हणून सेकंदाला १५० चित्रे पुरतात. चौकटीची उंची ४०० ओळींवर आणा. नळी तेवढ्यात बसते आणि वेगही मिळतो.

खरी अडचण फोकसची असते. या भिंगात स्वच्छ दिसणारा थर जेमतेम ३ मायक्रॉन जाडीचा, आणि नळी २० मायक्रॉन खोल. म्हणजे बहुतेक पेशी धूसरच येणार. यावर तीन तोडगे आहेत आणि प्रत्येकात काहीतरी गमवावे लागते. नळी १० ते १२ मायक्रॉन खोल केली तर ती लवकर तुंबते. १०एक्स भिंगात थर ९ मायक्रॉनपर्यंत वाढतो, पण बारकावे जातात. बाजूने स्वच्छ द्रावणाचे आवरण देऊन पेशी मधोमध आणता येतात, पण नुसते डावे-उजवे आवरण खोलीच्या दिशेने काहीच करत नाही. वरखालीही आवरण हवे. नवख्याने १०एक्सपासून सुरुवात करावी. धूसर चित्रे वगळणार असाल तर किती वगळली ते लिहून ठेवा, कारण वगळल्या जाणाऱ्या पेशी नेहमी सगळ्यांसारख्याच असतात असे नाही.

चिप पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराची: बेस आणि हार्डनर वजनाने १०:१, नीट घोटून बुडबुडे जायला निर्वात डेसिकेटरमध्ये (हवा काढता येणाऱ्या बंद भांड्यात) ३० ते ४५ मिनिटे, मग ७० अंशांवर २ तास. प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, पृष्ठभाग चिकटण्याजोगा करणारा विद्युतभारित वायू) दिल्यावर काच आणि चिप लगेच जोडा; मिनिटे गेली की पृष्ठभाग थंडावतो आणि जोड पाझरतो.

सरावाला रक्त नको. आधी १० मायक्रॉनचे पॉलिस्टायरीन मणी घ्या. त्यांचा आकार ठाऊक असतो, त्यामुळे मोजमाप चुकले की लगेच कळते. मग पावाचे यीस्ट. त्यात कळी फुटलेली पेशी आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी वेगळ्या ओळखायला शिकलात, की पुढचे अर्धे काम हातात आले.

रक्तावर जाल तेव्हा मायक्रोलिटरमध्ये सुमारे ५० लाख लाल पेशी असतात हे ध्यानात ठेवा. १,००० वर यायला ५,००० पट पातळ करावे लागते: आधी १०० पट, मग ५० पट. पातळ करायला नुसते पीबीएस (क्षारांचे द्रावण) वापरले तर काचेजवळ पेशींना काटे फुटतात आणि संगणक त्यांना आजारी ठरवतो. १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन) घातले की हा प्रकार बराच टळतो. ईडीटीएमधले (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनातले) रक्त शिळे झाले तरी काटे येतात, म्हणून रक्त किती वाजता घेतले त्याची नोंद हवी. आणखी एक गोष्ट पक्की समजून घ्या: सिकलसेल वाहकाच्या पेशी भरपूर ऑक्सिजनमध्ये गोलच दिसतात, आणि पीडीएमएसमधून ऑक्सिजन सहज आत येतो. वाहक कोण हे ठरवायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्याच लागतात. शिवाय वरच्या वेगाला नळीच्या भिंतीशी लाल पेशी चांगलीच ताणली जाते. आकाराची तुलना करायची तर सगळे नमुने एकाच प्रवाहाला चालवा.

पंपावर १ मिलिलिटरची सिरिंज लावा. २० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये दट्ट्या इतका हळू सरकतो की प्रवाह धक्क्याधक्क्याने येतो. सिरिंजपासून चिपपर्यंतच्या, अर्ध्या मिलिमीटर पोकळीच्या ३० सेंटिमीटर नळीत सुमारे ६० मायक्रोलिटर मावतात. म्हणजे पहिली पेशी दिसायला १० मिनिटे लागतात. तेवढ्यात तुंबले समजून प्रवाह वाढवू नका, जोड सुटतो. लाल पेशी सेकंदाला एखाद-दोन मायक्रॉन खाली बसते. १७ मिनिटांत आडव्या सिरिंजमध्ये मिलिमीटरभर थर रिकामा होतो. दर मिनिटाची पेशीसंख्या आलेखावर मांडा. रेघ उतरली तर पेशी बसत आहेत. अधूनमधून सिरिंज फिरवा.

नागपूरचा उन्हाळा इथे थेट आड येतो. फ्रिजमधले द्रावण मे महिन्यात खोलीत आणून लगेच भरले, तर त्यात विरघळलेली हवा चिपमध्ये बुडबुडे होऊन सुटते. द्रावण आधी खोलीच्या तापमानाला आणा, अर्धा तास निर्वातात ठेवा आणि चिप आधी ७० टक्के अल्कोहोलने ओली करा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, चिपच्या उघड्या तोंडांवरचे पाणी झपाट्याने उडते, क्षार वाढतात आणि पेशी आकसतात. तोंडे झाकून ठेवा. आणि कूलर बंद करा! त्याची थरथर टेबलावर उतरते, ओली हवा धूळ आणते, आणि २०एक्सखाली दोन्ही दिसतात.

सगळी चित्रे साठवली तर १७ मिनिटांत ११५ जीबीच्या आसपास जागा जाते. १०० चित्रांचा मध्यक काढून पार्श्वभूमी वजा करा, पेशीभोवतीचा ६४×६४ पिक्सेलचा तुकडा ठेवा. लाख तुकडे ४०० एमबीत बसतात. मात्र प्रत्येक नमुन्याची निदान मिनिटभराची पूर्ण चित्रे जपा, चूक शोधायला तीच लागतात. हळू जाणारी भिंतीलगतची पेशी दोन चित्रांत येते, ती दोनदा मोजली जाऊ देऊ नका. संगणकाला शिकवताना एकाच व्यक्तीच्या पेशी सराव आणि चाचणी अशा दोन्ही संचांत टाकू नका. अचूकता ९९ टक्के दिसते आणि नव्या रुग्णावर कोसळते.

मानवी रक्ताला संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. वापरलेले द्रव १ टक्का हायपोक्लोराइट या जंतुनाशकात अर्धा तास ठेवूनच टाका, आणि सुया पंक्चर न होणाऱ्या डब्यात.