सहकारी डोळ्यांदेखत कोसळल्यानंतर: या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखादा कामगार काम करता करता छातीवर हात धरून कोसळतो, कोणी १०८ ला फोन लावतो, कोणी त्याची छाती दाबू लागतो, आणि रुग्णवाहिका फाटकाबाहेर पडली की उरलेली पाळी पुन्हा सुरू होते. रुग्णाची विचारपूस सगळेच करतात. ज्यांनी ते सारे पाहिले, त्यांची विचारपूस मात्र क्वचितच होते, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

लगेच यंत्रावर उभे करणे

अशा प्रसंगानंतर काही तास हात थरथरतात, लक्ष उडते आणि साध्या सूचनाही डोक्यात शिरत नाहीत. अशा अवस्थेत माणसाला प्रेस किंवा लेथवर उभे करणे म्हणजे दुसऱ्या अपघाताला वाट करून देणे होय. त्याला त्या पाळीपुरते हलके काम द्यावे किंवा घरी जाऊ द्यावे. मात्र सिन्नर-गोंद्याकडून महामार्गाने दुचाकीवर एकट्याला पाठवू नये, सोबत कोणीतरी द्यावे. पाहणाऱ्याच्याच छातीत दुखू लागले किंवा त्याला भोवळ आली, तर ‘घाबरला असेल’ असे म्हणून सोडून न देता त्याचीही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

सर्वांना बसवून बोलायला लावणे

काही व्यवस्थापक चांगल्या हेतूने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवतात आणि प्रत्येकाला काय पाहिले ते सांगायला लावतात. अशा एकवेळच्या सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असे संशोधनातून दिसून आले आहे, आणि काहींचा त्रास तर त्यामुळे वाढूही शकतो. त्याऐवजी चहा-पाणी द्यावे, शांत जागा द्यावी, घरच्यांशी बोलणे करून द्यावे, घटनेची खरी माहिती थोडक्यात सांगावी आणि ज्याला बोलायचे आहे त्याचे मध्येच न तोडता ऐकावे. ज्याला गप्प राहायचे आहे, त्याला गप्प राहू द्यावे.

‘मी अजून काही केले असते तर?’ हा प्रश्न एकट्याने उगाळणे

माझ्या मते सर्वांत खोल जखम याच प्रश्नाने होते, विशेषतः ज्याने छाती दाबली त्याला. मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि प्रौढ व्यक्तीची छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाबणे ही योग्य पद्धत आहे. तसे दाबताना बरगडी मोडू शकते, आणि तो आवाज पुढे कित्येक रात्री कानांत घुमत राहतो. त्याला कोणीतरी जाणत्याने, शक्य असेल तर कारखान्याच्या डॉक्टरांनी, समोर बसवून स्पष्ट सांगायला हवे की बरगडी मोडणे हे चुकीच्या हाताळणीचे लक्षण नाही, आणि रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या बहुसंख्य व्यक्ती सर्व काही नीट करूनही वाचत नाहीत. जो जागीच थिजून उभा राहिला, त्यालाही दोष देऊ नये. अचानक धोका समोर आला की शरीर असे थिजू शकते, आणि त्यावरून त्याची आपुलकी किंवा धैर्य मोजता येत नाही.

चित्रफीत फिरवणे

कोणी मोबाइलवर चित्रण केले असेल, तर ते ग्रुपवर टाकू नये आणि आलेले पुढे पाठवू नये. ज्याने प्रसंग पाहिला त्याला तो पुन्हा पाहावा लागतो, आणि रुग्णाच्या कुटुंबाचा तर विचारच केलेला नसतो.

दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घेणे

पहिल्या काही रात्री झोप न लागणे स्वाभाविक आहे. दारूने डोळा लागतो, पण झोप तुटक होते. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात केवळ त्या ताणासाठी किंवा निद्रानाशासाठी बेन्झोडायझेपाइन गटातील (झोप आणणारी व चिंता शमवणारी) औषधे देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची शिफारस आहे. त्यामुळे घरातल्या कोणाच्या तरी गोळ्या मागून घेणे दुहेरी चुकीचे ठरते. ठरावीक वेळी जेवण, थोडे चालणे आणि ओळखीच्या माणसांची सोबत यांचा अधिक उपयोग होतो.

फाटकावरचा पहारेकरी विसरणे

मदतीची यादी करताना कायमस्वरूपी कामगारांचीच नावे आठवतात. रुग्णवाहिकेला वाट दाखवणारा पहारेकरी, जागा स्वच्छ करणारी सफाई कामगार आणि शेजारीच उभा असलेला ठेकेदाराकडचा पोरगा यांनीही तेच पाहिलेले असते, आणि त्यांना रजा मागायचीही भीती वाटते.

मदत घेण्यास फार उशीर करणे

दृश्य डोळ्यांसमोर येणे, आवाजाने दचकणे आणि चिडचिड होणे यांचा जोर बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही ते टिकले, किंवा त्याआधीच माणूस कामाची जागा टाळू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. राज्य कामगार विमा योजनेतील कामगाराने आपल्या विमा दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची मागणी करावी. अशा भेटीसाठी लागणाऱ्या अर्ध्या दिवसाची पगारी सुट्टी सुपरवायझरने कारण न विचारता मंजूर करावी.