रिटॉर्टमध्ये प्रेशर बरोबर, तापमान कमी : माझा अनुभव

आमच्या स्टीम रिटॉर्टचा (डबाबंद अन्न वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायच्या बंद भांड्याचा) गेज १.०५ बार दाखवायचा, पण थर्मामीटर ११७ अंशांपुढे सरकेना. निव्वळ संपृक्त (पाण्याशी समतोलात असलेली) वाफ असेल तर त्या प्रेशरला १२१ अंश सेल्सिअस मिळायलाच हवं. सगळ्यांचा राग गेजवर! गेज आणि थर्मामीटर दोन्ही तपासले, ठीक निघाले.

मग उरली आत अडकलेली हवा. गेज हवा आणि वाफ यांचं मिळून प्रेशर दाखवतो. तापमान मात्र फक्त वाफेच्या वाट्याच्या प्रेशरवर ठरतं. शिवाय हवेचे कप्पे डब्यांभोवती गोधडीसारखे बसतात, तिथे उष्णता पोचत नाही.

व्हेंट लाईन (सुरुवातीला आतली हवा बाहेर घालवणारी नळी) खोलली. जुन्या दुरुस्तीत गेट व्हॉल्व्हच्या जागी अरुंद ग्लोब व्हॉल्व्ह बसवलेला, आणि ब्लीडरची (प्रक्रिया चालू असताना हवा सतत बाहेर सोडणाऱ्या बारीक तोट्यांची) छिद्रं क्षारांनी बुजलेली. पूर्ण उघडणारा गेट व्हॉल्व्ह लावला, ब्लीडर साफ केले. आता सुरुवातीला व्हेंट सताड उघडा ठेवतो, ठरलेला व्हेंटिंगचा वेळ आणि तापमान दोन्ही गाठल्यावरच बंद करतो. प्रक्रियेचा वेळ त्यानंतर, थर्मामीटर १२१ वर आला की मोजायचा. गेज बघून नाही.

आधीचे डबे बाजूला काढले. ४.६ पेक्षा जास्त पीएचच्या (म्हणजे कमी आंबट) मालात बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू उरले, तर वास-चवीवरून कळेलच असं नाही.