जबड्यातली गाठ: आधी एक्स-रे, मग स्लाइड

सर्जननी काढलेली गाठ तपासणीसाठी बाटलीत येते आणि सोबतच्या फॉर्मवर 'जबड्याला सूज' एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा मी स्लाइड, म्हणजे गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याआधी सर्जनना फोन करून एक्स-रे मागवते. ओरल पॅथॉलॉजीत, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या निदानशास्त्रात, नव्याने आलेल्यांना माझं हेच सांगणं असतं: वय, जागा आणि दाताशी असलेला संबंध कळल्याशिवाय या दुर्मीळ गाठींना नाव देऊ नका.

समजा, १४-१५ वर्षांची मुलगी आहे. दुधाचा सुळा पडलेला नाही, वरच्या ओठामागे न दुखणारा फुगवटा आहे आणि एक्स-रेत हाडात अडकलेल्या सुळ्याभोवती काळी गोल सावली. बहुतेक जण इथे डेंटिजरस सिस्ट (न उगवलेल्या दाताभोवतीची पाण्याची पिशवी) लिहून मोकळे होतात. ती सावली दाताला कुठे चिकटली आहे ते नीट पाहा. सिस्ट सहसा दाताच्या मानेशी थांबते. सावली मानेपलीकडे मुळापर्यंत पसरली असेल आणि आत बारीक पांढरे कण असतील, तर ॲडेनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमरचा, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या एका सौम्य गाठीचा विचार करा. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, हे कण अनेकदा निसटतात, म्हणून तोंडात ठेवायची छोटी फिल्म घ्या.

मग स्लाइड. जाड आवरण, पेशींचे भोवरे आणि नळीसारख्या पोकळ्या दिसतात. तुकडा लहान असेल तर अमेलोब्लास्टोमाचा, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींच्याच पण आक्रमक गाठीचा भास होऊ शकतो, आणि मला याच चुकीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ॲडेनोमॅटॉइड गाठ आवरणासकट सोलून निघते, क्वचितच परत येते. नेहमीचा अमेलोब्लास्टोमा हाडात घुसतो, म्हणून सर्जन भोवतालचं एक ते दोन सेंटिमीटर हाडही काढतात. त्या मुलीचा चेहरा तुमच्या रिपोर्टमधल्या एका ओळीवर अवलंबून असतो. खात्री नसेल तर आणखी तुकडा मागा. नळ्या दिसल्या म्हणून निर्धास्तही होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या वर्गीकरणात ॲडेनॉइड अमेलोब्लास्टोमाची वेगळी नोंद झाली आहे. नळ्या त्यातही असतात, पण तो हाडात पसरतो आणि पुन्हा उद्भवतो.

तुकडा जेलीसारखा बुळबुळीत असेल तर मिक्सोमा (जेलीसारख्या ऊतीची, हाडात पसरणारी गाठ) लिहिण्याआधी परत एक्स-रे बघा, कारण न उगवलेल्या दाताभोवतीची पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास तशीच दिसते. जायंट सेल्स, म्हणजे अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी, दिसल्या तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासायला सांगा. हायपरपॅराथायरॉइडिझममध्ये, म्हणजे हे हार्मोन जास्त झाल्यावर, हाडात होणारा ब्राउन ट्यूमर जबड्यातल्या जायंट सेल्सच्या गाठीपासून नुसत्या स्लाइडवरून वेगळा ओळखता येत नाही.

सर्जन मंडळींना एक कळकळीची विनंती. हाडातल्या काळ्या सावलीला चाकू लावण्याआधी सुई घालून ओढून बघा. लालभडक रक्त जोरात आलं तर तिथेच थांबा. ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, आणि तिची बायोप्सी रुग्णाच्या जिवावर बेतते.