कथालेखन गुरूकडून शिकताना

मराठीत कार्यशाळा हा शब्द अलीकडे रुळला असला, तरी नवोदिताची कथा समोर घेऊन तिच्यावर कष्ट घेणाऱ्या जाणकारांची परंपरा जुनी आहे. १९३३ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन आलेल्या कथा बारकाईने वाचत, काय खटकले ते लेखकाला कळवत आणि पुनर्लेखन करायला लावत. आज कथा शिकू पाहणाऱ्याने असाच वाचक शोधावा.

त्यासाठी कथालेखनाच्या कार्यशाळेत नाव नोंदवण्यापूर्वी तिच्या एखाद्या सत्राला बसून पाहावे. शिक्षक स्वतःच्या आठवणींतच रमतो की विद्यार्थ्याच्या एखाद्या वाक्यापाशी दहा मिनिटे थांबतो, हे तिथे लगेच कळते. गटात दहा-बारांहून अधिक माणसे नसावीत, कारण दोन तासांत दोन किंवा तीनच कथांना न्याय देता येतो.

कार्यशाळेत जाताना पूर्ण कथा न्यावी. दीड-दोन हजार शब्दांची, शेवट फसलेली असली तरी चालेल. पण नुसती सुरुवात नेऊ नये. शेवट ठाऊक असल्याशिवाय आधीचा कोणता प्रसंग कामाचा आणि कोणता पाल्हाळ, हे मार्गदर्शकालाही सांगता येत नाही. ओळींमध्ये जागा आणि रुंद समास सोडून प्रती काढाव्यात.

कथा स्वतः मोठ्याने वाचावी आणि जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. त्यानंतर मात्र गप्प बसावे, आणि हेच सर्वांत अवघड असते. ‘मला तिथे असे म्हणायचे होते’ हे वाक्य ओठांवर आले, की जे म्हणायचे होते ते कागदावर उतरलेले नाही, असे समजून ती जागा टिपून ठेवावी.

माझ्या पहिल्या कथेत ‘आई खूप रागावली होती’ असे वाक्य होते. आमच्या बाईंनी त्याखाली रेघ ओढली आणि एवढेच विचारले, “रागावलेली आई त्या वेळी काय करत होती?” मी तिथल्या तिथे उत्तर द्यायला लागले, तेव्हा त्यांनी हाताने थांबवले आणि उत्तर घरून लिहून आणायला सांगितले. पातेले आदळणे, दार लावून घेणे असे चार-पाच खर्डे झाले. ते कोणत्याही आईचे होते. शेवटी लिहिले : ‘आईने दुधाचे पातेले नेहमीपेक्षा हळू ओट्यावर ठेवले आणि माझे ताट वाढलेच नाही.’ ते वाचून बाई पुढच्या परिच्छेदाकडे वळल्या, आणि तेवढ्याने मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. चांगला गुरू वाक्य सुधारून देत नाही, तो प्रश्न देतो. म्हणून सत्रात त्याचे प्रश्न शब्दशः उतरवून घ्यावेत.

घरी आल्यावर दोन दिवस कथेला हात लावू नये. मग जुना खर्डा मिटून ती नव्याने लिहावी, कारण जुनी वाक्ये समोर असली की हात त्यांनाच चिकटतो. सर्वांच्या सूचना स्वीकारण्याची गरज नसते. तिघांना एकाच जागी अडले असेल, तर उपाय प्रत्येकाचा वेगळा असला तरी ती जागा नक्की कच्ची आहे असे मानावे. आवडत्या शिक्षकाची शैली नकळत आपल्या लेखनात उतरते, हाही धोका खरा आहे. आपले पात्र मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणारे असेल आणि खर्ड्यात गुरूसारखे बोलू लागले असेल, तर त्याचे संवाद पुन्हा त्याच्या घरच्या बोलीत मोठ्याने म्हणून पाहावेत.

नवा खर्डा देताना जुनाही सोबत जोडावा आणि वर एकच प्रश्न लिहावा : वाचताना लक्ष कुठे उडाले?