टीकिंटरच्या खिडकीतून नाहीसे होणारे चित्र : माझा अनुभव

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील टीकिंटर, म्हणजे खिडक्या व बटणे बनवण्याचे साधन, शिकताना मी नमुना प्रोग्राम जसेच्या तसे चालवून पाहत असे आणि मग त्यांची मोडतोड करत असे. खिडकीत चित्र दाखवणारा सात-आठ ओळींचा एक नमुना उत्तम चालत होता. मात्र त्याच ओळी मी एका फंक्शनमध्ये हलवल्या, तेव्हा चित्राच्या जागी नुसता राखाडी चौकोन उरला आणि त्रुटीचा संदेशही आला नाही.

पहिला संशय पीएनजी फाइलवर गेला. तो व्यर्थ होता, कारण टीकिंटर ज्यावर उभे आहे त्या टीके प्रणालीच्या २०१२ मधील ८.६ आवृत्तीपासून या प्रकाराची सोय अंगभूतच आहे. खरा धागा मिळाला तो चौकोनाच्या आकारातून: तो बरोबर चित्राएवढाच होता, म्हणजे चित्र आधी वाचले गेले होते आणि नंतर पुसले गेले होते.

लेबल, म्हणजे खिडकीत चित्र दाखवणारा घटक, स्वतःजवळ चित्राचे केवळ नाव ठेवते, ते चित्र सांभाळणारे पायथॉनमधील फोटोइमेज ऑब्जेक्ट धरून ठेवत नाही. फंक्शन संपताच त्यातील स्थानिक व्हेरिएबल जाते, ऑब्जेक्टचा शेवटचा संदर्भ तुटतो आणि ऑब्जेक्ट नष्ट होताना टीकेलाही ते चित्र काढून टाकायला सांगतो. मूळ नमुन्यात व्हेरिएबल ग्लोबल, म्हणजे फंक्शनबाहेरचे आणि टिकून राहणारे, असल्याने हा दोष झाकलेला राहिला होता (नमुना लिहिणाऱ्याने एका ओळीची टीप दिली असती, तर माझी संध्याकाळ वाचली असती).

उपाय एका ओळीचा निघाला: लेबललाच एक नवा गुणधर्म देऊन त्यात ते ऑब्जेक्ट साठवले. तेव्हापासून प्रत्येक नमुना मी आधी फंक्शनमध्ये घालून पाहतो.