चहाची कुल्फी आणि गवती चहाचं गारीगार: घरच्या घरी कसं करायचं

केटलीत उरलेला चहा साच्यात ओतून फ्रीझरमध्ये ठेवला तर कुल्फी होत नाही, तपकिरी रंगाचा फिका बर्फ होतो. गार पदार्थात जिभेला गोडी कमी लागते आणि वासही दबतो, म्हणून पिताना फक्कड वाटलेला चहा गोठल्यावर पाणचट लागतो. शिवाय त्यात साखर कमी असते. साखर पाण्याला पूर्ण गोठू देत नाही, त्यामुळेच कुल्फीला दात लागतो. कुल्फीत साखर चवीइतकीच मऊपणासाठी असते, हे ध्यानात ठेवलं तर निम्म्या चुका टळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे चहा कडक हवा, पण जास्त उकळलेला नको. कडकपणा पावडर वाढवून आणायचा, वेळ वाढवून नाही. पावडर दहा मिनिटं खळखळ उकळली की तुरटपणा उतरतो, आणि गोठल्यावर तो तुरटपणा घशाशी रेंगाळतो.

चहाची कुल्फी

८० मिलीच्या आठ साच्यांसाठी लागेल: म्हशीचं सायीचं दूध १ लिटर, साखर १०० ग्रॅम, चहा पावडर १० ग्रॅम (सपाट चार चहाचे चमचे), पाणी २०० मिली, बोटाच्या पेराएवढं आलं, वेलदोडे ४ आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका. गारव्यात दबलेली चव तेच वर काढतं. गाईचं दूध घेतलं तर ते पातळ असतं, त्यात तीन मोठे चमचे दूध पावडर घाला. म्हशीच्या दुधाला कॉर्नफ्लॉवरची काहीच गरज नाही. विकतच्या कुल्फीत ते असतं, म्हणून घरीही घालायलाच हवं असं नाही.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दूध मध्यम आचेवर ठेवा. लोखंडी कढई इथे चालत नाही. चहातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, लोखंडाशी मिळून काळपट होतं आणि कुल्फीला राखाडी झाक येते. दुधाला उकळी आली की दर दोन-तीन मिनिटांनी ढवळा. कडेला चिकटलेली साय उलथन्याने खरवडून दुधातच सोडा, कुल्फीचा रवाळपणा त्या सायीतूनच येतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत दूध आटून निम्मं, म्हणजे अर्धा लिटर होईल. अंदाज चुकतो, म्हणून सुरुवातीलाच लाकडी चमचा दुधात उभा धरून पातळीची खूण करून ठेवा. दूध निम्म्यावर येत आलं की साखर आणि मीठ घाला, पाच मिनिटं ढवळून गॅस बंद करा.

दूध आटतंय तोवर शेजारच्या शेगडीवर कोरा चहा करा. ठेचलेलं आलं आणि वेलदोडे पाण्यात घालून तीन-चार मिनिटं नीट उकळा. आलं आधी पाण्यात उकळायचं ते उगाच नाही. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं आणि उकळलं की त्याचा जोर जातो. मग गॅस बंद करून पावडर टाका, झाकण ठेवा, चार मिनिटं थांबा आणि गाळा. गाळणीतला चोथा चमच्याने दाबून पिळायचा मोह आवरा, नाहीतर सगळा कडूपणा खाली उतरतो. गाळून साधारण सव्वाशे मिली चहा निघेल. दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे माण-खटावला किंवा जत-आटपाडीकडे, बोअरचं जड पाणी असेल तर चहावर तवंग येतो आणि चव बसते. तिथे फिल्टरचं पाणी घ्या.

दूध आणि चहा दोन्ही कोमट झाल्यावर चहा बारीक धारेने दुधात ओता, ढवळत राहा. रंग गव्हाळ यायला हवा. आता चव घ्या: तो पिण्याच्या चहापेक्षा जास्त गोड आणि जास्त कडक लागला पाहिजे. इथे 'बरोबर' लागला तर गोठल्यावर कमी पडेल. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे दुधाचा चहा मुळातच सौम्य लागतो. म्हणूनच पावडर एवढी.

मिश्रण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार तास गार होऊ द्या. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग कुल्फीत बर्फाचे खडे लागतात. गरम मिश्रण हळूहळू गोठतं आणि हळू गोठलं की स्फटिक मोठे होतात. गार झाल्यावर ढवळून साच्यात भरा, वर अर्धा सेंटीमीटर जागा सोडा, झाकण किंवा फॉइल लावा आणि फॉइलला चीर देऊन काडी खोचा. आठ तास, शक्यतो रात्रभर ठेवा. काढताना साचा नळाच्या पाण्यात आठ-दहा सेकंद धरून तळहातांत फिरवला की कुल्फी सुटते. गरम पाण्यात धरू नका, बाहेरचा थर वितळतो.

तासगावचे बेदाणे घालायचे तर मूठभर बेदाणे कोमट कोऱ्या चहात वीस मिनिटं भिजवून, निथळून साच्याच्या तळाशी टाका. त्यांच्यातल्या साखरेमुळे ते गोठूनही मऊ राहतात. काजूचे मोठे तुकडे मात्र दाताखाली खड्यासारखे येतात, घालायचेच तर भरड करा.

गुळाच्या चहाची कुल्फी हवी असेल तर थोडी सावध कृती आहे. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं, गुळातला आंबटपणा आणि क्षार त्याला पुरेसे असतात. साखरेऐवजी कराडकडचा चांगला पिवळसर गूळ ११० ग्रॅम घ्या, कोऱ्या चहातच विरघळवून गाळा, पूर्ण गार करा आणि गार झालेल्या आटीव दुधात मिसळा. नंतर ते पुन्हा तापवायचं नाही.

गवती चहाचं गारीगार

हे सोपं आणि स्वस्त. परसात गवती चहाचा गड्डा असेल तर खर्च साखर-लिंबाचाच. पाणी ६०० मिली, गवती चहाची आठ-दहा पाती, चहा पावडर सपाट २ चमचे, साखर ९० ग्रॅम, दोन लिंबांचा रस (साधारण ३० मिली), चिमूटभर मीठ.

पाती धुऊन, कापून पाच मिनिटं उकळा, गॅस बंद करा, पावडर टाकून तीन मिनिटं झाका, गाळा. साखर गरम असतानाच विरघळवा. लिंबू मात्र पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर रस कडवट होतो. लिंबू पडताच चहाचा रंग उजळून केशरी होतो, घाबरू नका. गार होताना चहा गढूळ दिसला तरी बिघडलेला नसतो: टॅनिन आणि कॅफीन एकत्र येऊन ती धूसर झाक येते.

साच्यात भरताना एक सेंटीमीटर जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि गच्च भरलेला साचा तडकतो. सहा तासांत तयार.

गारीगार चोखताना रंग-गोडी निघून जाते आणि हातात पांढरा बर्फ उरतो, ही नेहमीची तक्रार. आधी नुसतं पाणी गोठतं आणि साखरेला आत ढकलतं, त्यामुळे असं होतं. उपाय एकच: मिश्रण आधी फ्रिजमध्ये गार करा, साचे लहान घ्या आणि फ्रीझर जितका थंड करता येईल तितका करा.

महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी बाजारात असेल तेव्हा, म्हणजे हिवाळ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत, याच मिश्रणात २०० ग्रॅम फळांचा गर मिसळा आणि साचे सोडून स्टीलच्या ताटात पसरून गोठवा. दर अर्ध्या-पाऊण तासाने काट्याने खरवडत गेलं की तीन-चार वेळांत सुटसुटीत चुरा होतो. तो लगेच खायचा. रात्रभर ठेवला तर एकच लादी होते.

फ्रीझर आणि वीज

उणे १८ अंश हे नीट गोठवण्याचं तापमान. सिंगल डोअर फ्रिजचा बर्फाचा कप्पा मे महिन्यात तिथवर जात नाही, आणि दार सारखं उघडलं तर मुळीच नाही. अशा वेळी जुनी मडक्याची रीत कामाला येते. तीन भाग ठेचलेला बर्फ, एक भाग जाडं मीठ, त्यात घट्ट झाकणाचे साचे गाडून वर गोणपाट. बर्फ-मिठाचं मिश्रण शून्याच्या बरंच खाली उतरतं. लहान साचे दोन-अडीच तासांत धरतात. झाकणाच्या फटीतून खारं पाणी आत गेलं की मात्र सगळं वाया, तेव्हा कणकेने फट बुजवा.

वीज गेली तर फ्रीझर उघडून बघत बसू नका. पूर्ण वितळलेली दुधाची कुल्फी पुन्हा गोठवून खाऊ नये. ती अजून गारच असेल तर लगेच थंड दुधासारखी पिऊन टाका. गारीगार पुन्हा गोठवता येतं, फक्त खडेदार होतं.

कुल्फी आठ-दहा दिवसांत संपवा. साय वास चटकन ओढून घेते, म्हणून चिरलेला कांदा किंवा मासळी त्याच कप्प्यात नको. लहान मुलांसाठी गारीगार करताना चहा पावडर वगळा. गवती चहात कॅफीन नसतं, लिंबाबरोबर तो एकटाही छान लागतो. मोठ्यांनीही चहाची कुल्फी रात्री जेवणानंतर खाण्यापेक्षा दुपारी खावी, एका कुल्फीत सव्वा ग्रॅम पावडरचा चहा उतरलेला असतो.