जुन्या घडीच्या ट्रेलरच्या छताला पडलेला झोळ कसा काढावा

अमेरिकेत ज्याला पॉप-अप म्हणतात, तो गाडीमागे ओढून नेऊन मुक्कामाला वापरायचा घडीचा ट्रेलर वीस-पंचवीस वर्षांचा झाला की त्याच्या छताला मधोमध झोळ पडलेला बहुधा आढळतो. पेटीसारख्या बंद ट्रेलरचे छत हँडल फिरवून वर उचलायचे, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे आणि भोवती कॅनव्हास ताणायचा, अशी त्याची रचना असते. छत उचलण्याच्या स्वतःच्या यंत्रणेच्या बळावर लॉइड बॉन्ट्रेगर यांनी १९६८ साली इंडियाना राज्यातील मिडलबरी येथे जेको ही कंपनी काढली. आज बहुतेक पॉप-अपमध्ये एकच हँडल तारेच्या दोराने चारही कोपरे एकदम उचलते. सोय मोठी असली तरी उभे असताना छत केवळ चार कोपऱ्यांवर तोललेले राहते आणि मध्ये कुठेही खांब नसतो, हे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

मिशिगनमध्ये मी घेतलेल्या १९९६ सालच्या ट्रेलरच्या छतात पावणेदोन इंचांचा झोळ होता. आधीच्या मालकाने त्यावर उपाय म्हणून आतून एक जाड लाकडी तुळई ठोकली होती. तुळई भक्कम होती. पण ज्या पट्ट्यांत तिचे स्क्रू घुसवले होते त्या पट्ट्याच कुजलेल्या असल्याने ती छताला आधार देण्याऐवजी छतालाच लोंबत होती. झोळ हे लक्षण आहे आणि पाणी हा रोग आहे, हे त्या तुळईने मला शिकवले.

छताची घडण समजली की कारण आपोआप कळते. वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, खाली साधारण तीन मिलिमीटर जाडीचे प्लायवूड आणि मध्ये फोमचे तुकडे व पाइनच्या आडव्या पट्ट्या, असे हे डिंकाने चिकटवलेले सँडविच असते. यातला कोणताही थर एकटा मजबूत नसतो. ताकद त्यांच्या चिकटून राहण्यात असते. कडेच्या पट्टीचे स्क्रू, हवेच्या झडपेची चौकट किंवा एसीखालचे गॅस्केट यांतून पाणी शिरले की आधी डिंक सुटतो आणि मग लाकूड कुजते. छत किंचित खाली आले की त्या खळग्यात पावसाचे पाणी साचू लागते. एक चौरस फुटावर एक इंच पाणी साचले तर त्याचे वजन सुमारे ५.२ पौंड भरते. म्हणजे चार बाय चार फुटांचे, सरासरी अर्धा इंच खोल डबके चाळीस पौंडांहून जड होते. एवढे ओझे रात्रभर वाहिल्यावर खळगा आणखी खोल होतो आणि पुढच्या पावसात त्यात अधिक पाणी मावते.

पहिले काम मोजमापाचे आहे. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना पाचर लावावी, पाणसळीने चौकट समपातळीत आणावी आणि नंतरच कोपऱ्यांचे पाय टेकवावेत. हे पाय ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हे. त्यांनी ट्रेलर उचलायला गेल्यास चौकटच पिळवटते. छत पूर्ण वर घेऊन चारही कोपऱ्यांची ट्रेलरच्या जमिनीच्या (तळाच्या) चौकटीपासूनची उंची मोजावी. एखादाच कोपरा खाली असेल तर दोष छताचा नसून दोराचा, कप्पीचा किंवा खांबाचा आहे, असे समजावे आणि आधी तो दूर करावा. त्यानंतर आतून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सूत घट्ट ताणून दर फुटावर छत सुताच्या किती खाली आले आहे ते लिहून ठेवावे. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना आमचे सुतार आढ्याखाली असेच सूत धरत आणि वाशाला हात लावण्याआधी कौल कुठे सरकले आहे ते पाहत. ट्रेलरला वेगळी रीत नाही.

मग टोकदार स्क्रूड्रायव्हर घेऊन आतल्या प्लायवूडवर अंगठ्याच्या जोराने टोचत जावे. चांगल्या लाकडात टोक अडते. कुजलेल्या जागी ते चहात भिजलेल्या बिस्किटात जावे तसे आत जाते. चहाच्या कपाच्या वळासारखा तपकिरी डाग दिसला तर त्याच्या कडेपर्यंत नव्हे, तर त्याच्या पलीकडे हातभर तपासावे, कारण पाणी फोमखालून लांब सरकते. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओलावा टिकून असेल तर कूज पुढे सरकण्याचा धोका धरावा.

आता सुरक्षिततेचे एकच, पण टाळू नये असे काम. छताखाली तास-दोन तास काम करायचे असल्यास हँडलवर आणि दोरावर विसंबून राहू नये. दोन बाय चार म्हणून मिळणाऱ्या लाकडाचे चार टेकू बरोबर मापाने कापून चारही कोपऱ्यांत छताच्या चौकटीखाली उभे करावेत आणि ते सरकू नयेत म्हणून बांधून घ्यावेत. दोराचे धागे तुटलेले दिसले तर तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. छतावर एसी असेल तर तो आधी उतरवून घ्यावा. त्याचे वजन ८० ते १०० पौंडांच्या घरात असते आणि ते नेमके झोळाच्या मध्यावर येते.

झोळ वर उचलताना घाई करू नये. खळग्याखाली दोन फूट लांबीची सपाट फळी धरून तिच्याखाली स्क्रूचा जॅक लावलेला खांब उभा करावा. खांबाचा पाय थेट जमिनीच्या प्लायवूडवर ठेवला तर छताऐवजी जमीन खाली जाते. म्हणून पायाखाली चौकटीच्या दोन आडव्या पट्ट्यांवर बसेल एवढी लांब फळी घालावी आणि त्याच जागी खालून जॅक-स्टँड, म्हणजे वजन तोलून धरणारी लोखंडी घोडी, द्यावा. दिवसाला पाव इंच या बेताने वर न्यावे. कडकड आवाज आला तर थांबावे, कारण पत्र्याचा डिंक सुटत असण्याची शक्यता असते. छत सुताला टेकल्यावर आणखी पाव ते अर्धा इंच वर नेऊन ठेवावे, म्हणजे टेकू काढल्यावर ते थोडे बसले तरी मध्यभाग उंच राहतो आणि पाणी कडेला वाहून जाते.

छत या अवस्थेत टेकूवर असतानाच कुजका भाग उघडावा. प्लायवूड कापताना पात्याची खोली तीन मिलिमीटरवर बांधून घ्यावी आणि शेवटची काप रेषा चांगल्या पट्टीच्या बरोबर मध्यावर घ्यावी, म्हणजे नव्या प्लायवूडच्या कडेला बसायला जागा उरते. जुन्या फोमवर काळी बुरशी असते. चांगला मास्क लावल्याशिवाय ते खरवडू नये. ओला फोम काढून टाकावा आणि पंखा व ओलावा शोषणारे यंत्र लावून यंत्राचा आकडा १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत काही दिवस छत उघडेच ठेवावे. अर्धवट वाळलेले छत बंद करणे म्हणजे कूज डब्यात भरून ठेवणे होय.

नव्या पट्ट्यांसाठी कोरडे पाइन किंवा पॉप्लर वापरावे. दुकानात एक बाय दोन म्हणून मिळणारी पट्टी प्रत्यक्षात पाऊण बाय दीड इंच भरते, हे माप घेताना विसरू नये. टिकाऊ म्हणून मिळणारे औषध मारलेले लाकूड मात्र येथे लावू नये, कारण त्यातील तांब्याचे क्षार ॲल्युमिनियमचा पत्रा खातात. सरळ पट्टीपेक्षा किंचित कमानदार पट्टी चांगली. तीन अष्टमांश इंच जाडीच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये पाण्याला टिकणारा डिंक लावावा, मध्यावर खाली अर्ध्या इंचाचा ठोकळा ठेवून टोके क्लॅम्पने दाबावीत आणि चोवीस तास तसेच राहू द्यावे; डिंक वाळल्यावर बराचसा बाक टिकतो. अशी पट्टी कुजलेल्या पट्टीच्या जागी, आणि जुनी अर्धी चांगली असेल तर तिच्या शेजारी, कडेच्या चौकटीपासून कडेच्या चौकटीपर्यंत अखंड बसवावी. मध्येच जोड देऊन केलेली पट्टी त्या जोडाशीच वाकते.

फोम पॉलिस्टायरीनचा असेल तर फोमला चालणारा डिंकच घ्यावा; अन्यथा डिंकातील द्रावक फोम विरघळवून टाकतो आणि आत पोकळी राहते. स्क्रू मारताना ड्रिलच्या पात्याला रंगीत टेपची खूण करावी. लाकडावर लगेच पत्रा आहे, आणि पाव इंच लांब पडलेला स्क्रू वरच्या बाजूला फोडासारखा उठतो. माझ्या छतावर असा एक फोड आहे आणि त्यावरचे सीलंट मी दरवर्षी तपासतो.

एसी परत बसवायचा असेल, तर लाकडी पट्ट्यांच्या जोडीला एसी ज्यात बसतो त्या झडपेच्या चौदा इंची चौकोनाच्या पुढे आणि मागे एकेक ॲल्युमिनियमची नळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घालावी. एक बाय दोन इंचांची, अष्टमांश इंच जाडीची सात फुटी नळी सहा पौंडांच्या आत बसते. तीच लोखंडी घेतली तर सोळा पौंडांवर जाते, आणि हँडलची यंत्रणा ठरावीक वजनासाठीच बनवलेली असते. नळी दोन इंचांची बाजू उभी ठेवून लावावी, कारण आडवी ठेवण्यापेक्षा ती तशी सुमारे तिप्पट ताठ राहते. तिची टोके कडेच्या चौकटीवर टेकलीच पाहिजेत. केवळ प्लायवूडला स्क्रूने अडकवलेली नळी माझ्या ट्रेलरच्या आधीच्या मालकाच्या तुळईचेच काम करील.

उभ्या नळीमुळे बंद ट्रेलरमध्ये दोन इंच जागा कमी होते, आणि ती उरली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. यासाठी मी घरगुती युक्ती वापरतो. कणकेचे चार गोळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुमडलेल्या ओट्यावर, टेबलावर आणि गुंडाळलेल्या कॅनव्हासवर नळीच्या रेषेत ठेवावेत, छत सावकाश पूर्ण खाली घ्यावे आणि पुन्हा वर घेऊन गोळ्यांची उरलेली जाडी मोजावी. कुठे पाव इंचाहून कमी कणीक उरली असेल तर तेथे नळी आडवी लावून जास्त पट्ट्या घालणे बरे.

बाहेरचे काम लाकडाइतकेच महत्त्वाचे आहे. कडेच्या पट्ट्या काढून जुना चिकट थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा, नवी ब्युटाइल टेप (फटी बुजवणारी रबरासारखी चिकट पट्टी) घालून पट्टी परत आवळावी आणि बाहेर आलेली टेप कापून टाकावी. सिलिकॉन लावू नये; ते सुटले की त्या जागी दुसरे काहीच धड चिकटत नाही.

छताऐवजी जमिनीला झोळ असेल तर चाकांच्या आसपासचे व दाराच्या उंबऱ्याचे प्लायवूड आधी तपासावे. ते बदलणे कष्टाचे असले तरी सरळ काम आहे. पलंग खाली येत असेल तर बहुतेक वेळा त्याचे तिरके टेकू किंवा सरकपट्टी वाकलेली असते. चौकटीलाच, विशेषतः पुढचा दांडा जिथे जोडला आहे तिथे, तडा दिसला तर ट्रेलर रस्त्यावर नेऊ नये. ते काम वेल्डरचे आहे, आणि त्याआधी बॅटरी सोडवून गॅसच्या टाक्या उतरवून ठेवाव्यात.

शेवटी बागेच्या नळीने छत धुऊन पाहावे. खालच्या सांध्यापासून सुरुवात करून प्रत्येक सांध्यावर दहा मिनिटे पाणी सोडावे आणि त्या वेळी घरातील एकाने आत विजेरी घेऊन बसावे; वरून सुरुवात केली तर गळती नेमकी कोणत्या सांध्याची हे कळत नाही. ट्रेलर हिवाळ्यासाठी उभा करताना पुढची बाजू दोन-तीन इंच खाली ठेवावी आणि बर्फ साचू देऊ नये. सुताची मापे मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसह लिहितो. दुरुस्तीनंतर मध्यभाग सुताच्या पाव इंच वर होता. दोन हिवाळ्यांनंतर तो सुताला बरोबर टेकला, आणि तेव्हापासून तिथेच आहे.